चेक एकाच्या हातात, हक्क कोणाचा? चलनक्षम दस्तऐवजावरील वसुलीचा अधिकार

या पाठासाठी एक साधा व्यवहार डोळ्यासमोर ठेवू. एका कापड दुकानदाराने सुताराकडून दुकानातली लाकडी मांडणी करून घेतली आणि त्याला ४०,००० रुपयांचा चेक दिला. चेकवरचे ‘किंवा वाहकास’ हे शब्द दुकानदाराने खोडले होते. सुताराला लाकडाच्या वखारवाल्याचे पैसे द्यायचे होते, म्हणून त्याने चेकच्या पाठीवर वखारवाल्याचे नाव लिहून, खाली सही करून तोच चेक वखारवाल्याला दिला. चार दिवसांनी मांडणीच्या दोन फळ्या कोसळल्या. दुकानदार चिडला आणि त्याने बँकेला ‘पैसे देऊ नका’ असे कळवले. वखारवाल्याने भरलेला चेक परत आला.

आता पैसे कोणी कोणाकडे मागायचे? दुकानदार म्हणतो, काम वाईट झाले, मी पैसे का देऊ? सुतार म्हणतो, मी तर चेक पुढे दिला, माझे काम संपले. वखारवाला म्हणतो, फळ्या कोसळल्या याच्याशी माझा संबंध काय? तिघांचेही म्हणणे ऐकायला रास्त वाटते. कायदा मात्र तिघांना सारखे उत्तर देत नाही. ते उत्तर १८८१ च्या कायद्यात आहे. शासकीय मराठीत त्याला ‘परक्राम्य संलेख अधिनियम’ म्हणतात, वाणिज्याच्या पुस्तकांत तो ‘चलनक्षम दस्तऐवज कायदा’ म्हणून येतो. आपण दुसरा शब्द वापरू. वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि धनादेश हे तीन दस्तऐवज त्यात येतात. आपले उदाहरण धनादेशाचे, म्हणजे चेकचे आहे.

धारक म्हणजे कोण?

परीक्षेत ‘ज्याच्या ताब्यात दस्तऐवज आहे तो धारक’ असे उत्तर बरेच जण लिहितात. ते चूक आहे. कलम ८ प्रमाणे धारक म्हणजे जी व्यक्ती स्वतःच्या नावाने त्या दस्तऐवजाचा ताबा ठेवण्यास आणि त्यावरील रक्कम वसूल करण्यास हक्कदार आहे ती. यातला जोर ‘हक्कदार’ आणि ‘स्वतःच्या नावाने’ या शब्दांवर आहे. चेक चोरणाऱ्याच्या खिशात चेक असतो, पण तो धारक नसतो. उलट, चेक ज्याच्याकडून हरवला किंवा जळाला, तो हातात काही नसतानाही धारकच राहतो. कलम ८ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे.

‘स्वतःच्या नावाने’ या शब्दांमुळे घराघरांत घडणारा एक घोटाळा लक्षात ठेवा. वडिलांनी आपले पैसे उसने दिले, पण वचनचिठ्ठी मुलाच्या नावे लिहून घेतली. पुढे बापलेकांचे बिनसले. वडील म्हणतात, पैसे माझेच होते. असतील. पण त्या चिठ्ठीच्या आधारे दावा लावण्याचा हक्क चिठ्ठीत नाव असलेल्या मुलाचा आहे. पैसे खरे कोणाचे, हा बापलेकांमधला वेगळा वाद. ऋणकोने मात्र पैसे कलम ७८ नुसार धारकालाच द्यायला हवेत, तरच तो जबाबदारीतून सुटतो. भलत्याच्या हातात दिले तर पुन्हा द्यावे लागण्याची वेळ येऊ शकते.

यातून आपल्या सुताराकडे येऊ. चेक त्याच्या नावे होता, तेव्हा तो धारक होता. पाठीवर सही करून चेक पुढे दिला, यालाच पृष्ठांकन म्हणतात. चेक ‘आदेशानुसार’ देय असेल तर तो पुढे जायला पृष्ठांकन आणि प्रत्यक्ष हाती देणे, दोन्ही लागते (कलम ४८). ‘वाहकास’ देय असेल तर नुसते हाती देणे पुरते (कलम ४७). वखारवाल्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी झाल्या आहेत, म्हणून आता धारक तो.

देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचा हक्क मोठा

इथे या विषयाचे मर्म आहे, म्हणून जरा थांबू. मालमत्तेच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की जे माझे नाही ते मी दुसऱ्याला देऊ शकत नाही. चोरीची सायकल तुम्ही प्रामाणिकपणे विकत घेतली, तरी मूळ मालक ती परत मागू शकतो. चलनक्षम दस्तऐवज या नियमाला अपवाद आहेत, आणि हा अपवाद व्यापाऱ्यांच्या गरजेतून आला.

इंग्लंडमध्ये १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे ‘मिलर विरुद्ध रेस’ हा खटला आला. टपालगाडी लुटली गेली आणि तिच्यातली बँक ऑफ इंग्लंडची २१ पौंड १० शिलिंगांची, वाहकास देय असलेली नोट चोराच्या हाती लागली. ती फिरत एका खाणावळवाल्याकडे आली. त्याने ती नेहमीच्या व्यवहारात, पूर्ण मोल देऊन, चोरीची काही कल्पना नसताना घेतली. मूळ मालकाने बँकेला पैसे थांबवायला सांगितले होते. निकाल खाणावळवाल्याच्या बाजूने लागला. अशी नोट लोक पैशासारखी वापरतात. प्रत्येकाने आधी तिचा इतिहास तपासायचा ठरवला तर व्यापार चालणारच नाही, असा त्यामागचा विचार होता.

आपल्या कायद्यात हाच विचार कलम ९ मध्ये ‘यथाविधी धारक’ या नावाने आला. इंग्रजीत ज्याला ‘होल्डर इन ड्यू कोर्स’ म्हणतात तो हा. त्याने दस्तऐवज प्रतिफल देऊन, म्हणजे काही मोबदला देऊन घेतलेला असावा. रक्कम देय होण्यापूर्वी घेतलेला असावा. आणि देणाऱ्याच्या हक्कात दोष आहे असे मानायला पुरेसे कारण त्याच्यापुढे नसावे. शेवटची अट नीट वाचा. इंग्लंडच्या १८८२ च्या कायद्यात माणूस प्रामाणिक असला की पुरते, मग तो निष्काळजी का असेना. आपल्याकडे ‘पुरेसे कारण’ हे शब्द आहेत, म्हणजे डोळे मिटून घेणाऱ्याला संरक्षण नाही. माझ्या मते आपला नियम अधिक शहाणपणाचा आहे. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाने लाखाचा चेक वीस हजारांत देऊ केला तर शंका यायलाच हवी.

वखारवाला या अटींत बसतो का? त्याने लाकूड दिले होते, ते प्रतिफल झाले. त्याने चेक घेतला तेव्हा तो परत आलेला नव्हता. मांडणीतल्या दोषाची त्याला कल्पना नव्हती. फळ्या तर नंतर कोसळल्या. म्हणून तो यथाविधी धारक आहे, आणि दुकानदाराची ‘काम वाईट झाले’ ही तक्रार त्याच्यापुढे चालत नाही. कलम ३६ प्रमाणे आधीचे सगळे पक्षकार त्याला जबाबदार राहतात. हाच चेक सुताराने स्वतःकडे ठेवून दावा लावला असता तर दुकानदाराला बचाव होता. प्रतिफलाचा जो भाग मिळालाच नाही, तो पैशात मोजता येत असेल तर तेवढी रक्कम कमी करून मागता येते (कलम ४४ व ४५). म्हणजे ४०,००० चा तोच कागद सुताराच्या हातात कदाचित ३०,००० चा ठरला असता आणि वखारवाल्याच्या हातात पूर्ण ४०,००० चा आहे.

दुकानदारावर हा अन्याय नाही का? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. दुकानदार सुतारावर वाईट कामाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो, तो मार्ग बंद झालेला नाही. फक्त चेक काढून तो बाजारात सोडणाऱ्याने आपले भांडण त्रयस्थाच्या गळ्यात घालू नये, एवढेच कायदा सांगतो.

हा मोठा हक्क सगळीकडे मिळत नाही. सुताराच्या खिशातून चेक चोरीला गेला असता आणि चोराने सुताराची खोटी सही करून वखारवाल्याला विकला असता तर? चेक आदेशानुसार देय होता. खोट्या सहीने हक्क पुढे सरकतच नाही. वखारवाला कितीही प्रामाणिक असला तरी तो धारक होत नाही, मग यथाविधी धारक कुठला? मात्र दुकानदाराने ‘किंवा वाहकास’ हे शब्द खोडले नसते, तर चोराकडून प्रामाणिकपणे, मोल देऊन घेणाऱ्याचा हक्क मिलरसारखाच पक्का झाला असता. दोन शब्द खोडणे किंवा न खोडणे यावर एवढे अवलंबून आहे. चेकवर दोन तिरप्या रेघा मारून ‘अचलनक्षम’ लिहिले असेल तर चेक पुढे देता येतो, पण घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही (कलम १३०). आणि आजकाल बहुतेक चेकवर ‘अकाउंट पेयी’ असते. असा चेक बँका नाव असलेल्याच्याच खात्यात जमा करतात, त्यामुळे पृष्ठांकनाने फिरणारे चेक व्यवहारात पूर्वीइतके दिसत नाहीत. आपल्या वखारवाल्याचे नशीब, की चेकवर तशा रेघा नव्हत्या.

जाता जाता हुंडीचा उल्लेख करायला हवा. १८८१ च्या कायद्याने देशी भाषांतल्या दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही; कलम १ मध्येच तसे म्हटले आहे. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायचे असत. हुंडी कोणाच्या हातात आहे याइतकेच त्या माणसाला पेठेत कोण ओळखते हे महत्त्वाचे होते.

बँकेवर दावा लावता येतो का?

वखारवाला रागाने बँकेत जाऊन भांडला, तर त्याचा उपयोग नाही. खात्यात पैसे असूनही बँकेने चुकून चेक परत केला, तर ती कलम ३१ प्रमाणे आपल्या खातेदाराला, म्हणजे चेक काढणाऱ्याला भरपाई देणे लागते. चेक घेणाऱ्याशी तिचा करार नाही.

मग मागायचे कोणाकडे? एक दुकानदाराकडे. दुसरे, सुताराकडे. ‘मी चेक पुढे दिला, माझे काम संपले’ हे सुताराचे म्हणणे खोटे ठरते, कारण पृष्ठांकन करणारा कलम ३५ प्रमाणे चेक न वटल्यास भरपाईची हमी देत असतो. त्याला ती नको असेल तर सही करताना ‘माझ्यावर दायित्व नाही’ अशा अर्थाचे शब्द लिहावे लागतात (कलम ५२). त्याच्यावर हक्क टिकवायचा तर वखारवाल्याने चेक परत आल्याचे त्याला वाजवी वेळेत कळवले पाहिजे.

हे सगळे दिवाणी हक्क आहेत. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. साध्या दाव्यात प्रतिवादीला बचाव करण्याचा हक्क आपोआप असतो. इथे त्याला आधी दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. बचाव पोकळ दिसला तर परवानगी मिळत नाही आणि निकाल लवकर लागतो. दस्तऐवजात व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर कलम ८० प्रमाणे दरसाल १८ टक्के व्याज धरले जाते. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे. मागताक्षणी देय असलेल्या वचनचिठ्ठीची तीन वर्षे चिठ्ठीच्या तारखेपासूनच धावू लागतात, मागणी केल्यापासून नाही. ‘नातेवाईक आहे, मागू कधीतरी’ म्हणणाऱ्यांचा हक्क इथे संपतो. वचनचिठ्ठीवर पुरेसा मुद्रांक नसेल तर ती पुराव्यातही घेतली जात नाही, आणि इतर बऱ्याच कागदांप्रमाणे मागाहून दंड भरून ही उणीव दुरुस्त करता येत नाही.

कलम १३८ आणि दिवसांचा हिशेब

चेकसाठी आणखी एक मार्ग आहे, आणि तो फौजदारी आहे. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले. कायदेशीररीत्या वसूल करता येण्याजोग्या देण्यापोटी दिलेला चेक न वटल्यास चेक काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भेट किंवा देणगी म्हणून दिलेला चेक यात येत नाही. फिर्याद फक्त ज्याच्या नावे चेक आहे तो किंवा यथाविधी धारक करू शकतो (कलम १४२). म्हणून वखारवाला दुकानदाराविरुद्ध फिर्याद करू शकतो. सुताराविरुद्ध नाही, कारण सुताराने चेक काढलेला नाही. त्याच्याकडून वसुली दिवाणी मार्गानेच.

दुकानदार म्हणेल, माझ्या खात्यात पैसे होते, मी फक्त थांबवले. ‘पैसे थांबवा’ असे कळवल्यामुळे परत आलेला चेकही कलम १३८ खाली येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या प्रकरणात ठरवले. मात्र खात्यात पुरेशी रक्कम होती आणि थांबवण्यामागे रास्त कारण होते हे सिद्ध करायची संधी चेक काढणाऱ्याला आहे.

या मार्गात हक्क बुडतो तो बहुधा तारखा चुकल्यामुळे. म्हणून खऱ्यासारख्या तारखा घालून पाहू. चेकची तारीख ५ जानेवारी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिनेच चालतो, तेव्हा १० मार्चला भरला तर तो मुदतीत आहे. चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी १२ मार्चला मिळाली. तो दिवस सोडून ३० दिवसांत, म्हणजे ११ एप्रिलपर्यंत, चेकची रक्कम मागणारी लेखी नोटीस पाठवायला हवी. समजा ती २० मार्चला पाठवली आणि दुकानदाराला २४ मार्चला मिळाली. आता त्याला १५ दिवस, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत वेळ आहे. या काळात त्याने पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. नाही दिले तर ९ एप्रिलला फिर्यादीचे कारण निर्माण होते आणि तिथून एक महिन्यात, म्हणजे ९ मेपर्यंत फिर्याद दाखल व्हायला हवी. उतावीळपणे ८ एप्रिललाच दाखल केली तर ती टिकत नाही. उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका. नोटिशीच्या ३० दिवसांना तर अशी सवलत नाही. ते चुकले आणि चेकचे तीन महिने उरलेले असतील, तर चेक पुन्हा भरून, तो पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते. सर्वोच्च न्यायालयाने एमएसआर लेदर्स प्रकरणात २०१२ मध्ये हे मान्य केले. दिवाणी दाव्याची तीन वर्षे या सगळ्याहून वेगळी मोजायची.

नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट मागा. व्याज, खर्च मागायचा असेल तर वेगळ्या वाक्यात मागा. सगळे एकत्र करून भलताच आकडा टाकला तर नोटीसच अडचणीत येते. चेक दिल्यानंतर काही रक्कम रोख मिळाली असेल तर आणखी जपायला हवे. २०२२ च्या दशरथभाई त्रिकमभाई पटेल प्रकरणात मधल्या काळात काही पैसे मिळूनही चेक पूर्ण रकमेसाठी भरला गेला होता. चेक भरतेवेळचे देणे चेकच्या आकड्याएवढे उरले नव्हते, म्हणून कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मिळालेली रक्कम चेकवर नोंदवून (कलम ५६) उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा होता.

कोरा सही केलेला चेक

आतापर्यंत आपण पैसे मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले. तुमच्यापैकी अनेक जण लवकरच दुसऱ्या बाजूला उभे असाल: दुचाकीचे कर्ज घेताना, खोली भाड्याने घेताना. तिथे ‘तारण म्हणून’ कोरा सही केलेला चेक मागितला जातो. कोऱ्या कागदाला किंमत नाही, असे समजू नका. चेकवरची सही मान्य झाली की कलम ११८ आणि १३९ प्रमाणे तो प्रतिफलासाठी, देणे फेडण्यासाठीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते. रंगप्पा विरुद्ध श्री मोहन (२०१०) मध्ये हे गृहीतक देणे अस्तित्वात असण्यापर्यंत पोहोचते असे ठरले. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) मध्ये तर सही करून स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या चेकचे तपशील दुसऱ्याने भरले तरी गृहीतक लागू होते असे म्हटले. गृहीतक खोडता येते, आणि त्यासाठी फौजदारी खटल्यातला ‘निःसंशय’ पुरावा लागत नाही. तुमची बाजू अधिक संभाव्य आहे हे दाखवले की पुरते. पण दाखवायचे तुम्हाला. म्हणून चेक देताना तो कशासाठी, कोणत्या क्रमांकाचा, जास्तीत जास्त किती रकमेसाठी दिला हे पत्रात लिहून पोच घ्या. चेकवर निदान नाव लिहा आणि ‘अकाउंट पेयी’च्या रेघा मारा. खोली सोडताना किल्लीबरोबर चेकही परत मागा.

स्वाध्याय

वरच्या उदाहरणात एक बदल करा. फळ्या कोसळल्याचे वखारवाल्याला चेक घेण्याच्या आदल्या दिवशीच कळले होते. दुकानदार ‘पैसे थांबवणार’ म्हणत असल्याचेही त्याच्या कानावर आले होते. तरी ‘बघू वटला तर वटला’ म्हणून त्याने चेक घेतला. तो आता धारक आहे का? यथाविधी धारक आहे का? त्याला दुकानदाराकडून किती मागता येईल, सुताराकडून किती, आणि कलम १३८ खाली त्याची फिर्याद टिकेल का? प्रत्येक उत्तराशेजारी कलमाचा क्रमांक लिहा.